ट्रॅक्टरची रेस अडकते तेव्हा



गळीत हंगाम तोंडावर आला आहे. बेणे, लागण, खोडवा यावर आम्ही नेहमी लिहितोच. या खेपेस ट्रॅक्टरच्या पायडलाकडे बघू. मागच्या हंगामात वजनकाट्याच्या रांगेत आमच्या डोळ्यांदेखत एका ट्रॅक्टरची रेस अडकली. पुढे बैलगाड्या. ड्रायव्हर पोरगा ब्रेकवर उभाच राहिला, पण इंजिन ओढतच होतं. एका म्हाताऱ्या गाडीवानानं 'अरं, स्टॉपर वड!' म्हणून हाळी दिली, तेव्हा बैल हातभर अंतरावर होता.

एक्सलेटर दाबला की दांडी किंवा केबल डिझेल पंपाचा लिव्हर हलवते. पाय काढला की स्प्रिंगनं तो माघारी यायचा. मध्ये कुठं घासलं की पाय काढूनही रेस तशीच राहते.

इंजिन बंद करून, हँडब्रेक लावून बघा. आधी हातरेसचा लिव्हर पूर्ण कमी रेसवर आहे ना? पुष्कळदा दोष एवढाच असतो. मग पायाखाली अंथरलेलं पोतं काढा. पायडलाच्या बुडाला पाचट, वाळलेला चिखल असतोच. हसू नका, पायाखालच्या मॅटमध्ये पायडल अडकतं म्हणून 2009 साली टोयोटा कंपनीला अमेरिकेत लाखो मोटारी माघारी बोलवाव्या लागल्या होत्या.

तरी जड लागलं तर पंपाकडचं टोक सोडवा आणि लिव्हर हातानं हलवून बघा. लिव्हर मोकळा असेल तर दोष पायडलात किंवा केबलमध्ये. पायडलाची पिन डिझेलनं धुऊन थोडं ऑइल द्या. उघड्यावर ग्रीस थापू नका, धूळ बसून महिन्याभरात पुन्हा तेच. केबलच्या तारा तुटून फुटल्या असतील तर नवीच घाला. ताणलेल्या स्प्रिंगऐवजी ट्यूबची रबरी पट्टी बांधणारे महाभाग आहेत. ती उन्हानं सैल पडते. लिव्हरच जड असेल तर मात्र पंप घरी उघडू नका, पंपाच्या मिस्त्रीकडे न्या.

चालू ट्रॅक्टरची रेस अडकली तर स्टॉपर ओढा. उतारावर भरल्या ट्रॉल्या मागं असताना क्लच दाबू नका. गिअर तसाच राहू द्या, म्हणजे बंद इंजिनच गाडी धरतं. दोन्ही ब्रेक पट्टीनं जोडलेले असावेत, नाहीतर एकच चाक धरून ट्रॅक्टर फिरतो.

मोटारीत गोष्ट वेगळी. तिथं क्लच दाबून न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, उचलून-उचलून दाबू नका. गाडी थांबल्यावरच चावी बंद करा. चालत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. नव्या मोटारींत बहुधा केबलच नसते, पायडलापासून तारेनं विजेचा इशारा जातो. तिथं मॅट तेवढी बघा. बाकी काम गॅरेजचं, ऑइलचा डबा खालीच ठेवा.