निनादाचे नियंत्रण

विजापूरच्या गोलघुमटात उभे राहून टाळी वाजविली, तर ती एकदाच ऐकू येत नाही. सुमारे ३८ मीटर अंतर्व्यासाच्या त्या घुमटाच्या पृष्ठभागावरून ती पुन्हा पुन्हा परतते. टाळी आपली असली, तरी तिला हे रूप देते ती वास्तू. असा निनाद ज्या गायकाला हवा असेल, त्याने त्या वास्तूत जाऊनच गावे, अशी परिस्थिती शतकानुशतके होती.

ध्वनिमुद्रणगृहाने हा नियम उलटा केला. तेथे भिंतींना ध्वनी शोषून घेणारे अस्तर असते. गायकाचा आवाज शक्य तितका कोरडा टिपला जातो आणि सभागृहाचा, मंदिराच्या गाभाऱ्याचा किंवा दरीचा भास त्याला मागाहून यंत्राच्या साहाय्याने दिला जातो. या यंत्राला इफेक्ट्स प्रोसेसर म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी प्रभावयंत्र म्हणू. आलेल्या ध्वनीचे अंकांत रूपांतर करून ते त्याच्या असंख्य उशिरा येणाऱ्या प्रती तयार करते व त्या मूळ ध्वनीत मिसळते.

गोलघुमट ज्या राज्यात आहे, त्याच कर्नाटकाच्या राजधानीत, म्हणजे बंगळुरात, १९८०च्या दशकात शंकर नाग यांनी ‘संकेत’ हे ध्वनिमुद्रणगृह उभारले. मराठी वाचकांना ते परके नाहीत. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर त्यांनी उमेदवारी केली होती आणि ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा वाटा होता. त्यापूर्वी कन्नड चित्रपटांच्या ध्वनिकामासाठी बहुधा मद्रासची वाट धरावी लागे. निनाद निर्माण करणारी यंत्रे अंकीय झाली व परस्परांशी बोलू लागली, तोही हाच काळ होय.

समजा, बंगळुरातील एखाद्या मुद्रणगृहात भावगीताचे अंतिम मिश्रण चालू आहे. आरंभीच्या आलापाला दीर्घ निनाद हवा आहे. तबला सुरू होताच तो आखडला पाहिजे, नाहीतर बोल एकमेकांत कालवले जातील. मधल्या बासरीला मात्र स्पष्ट प्रतिध्वनी हवा आहे. ध्वनिमुद्रकाला हात दोनच. त्याने कोणकोणती बटणे फिरवावीत? एक चूक झाली, तर गीत पुन्हा पहिल्यापासून. आणि सर्व जुळून आले, तरी पुढच्या आठवड्यात नेमके तेच पुन्हा करता येईल याची शाश्वती नाही.

ही अडचण मिडीने दूर केली. मिडी ही संगीतयंत्रांनी परस्परांस आज्ञा देण्याची एक सर्वमान्य पद्धती आहे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ व जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने, प्रतिस्पर्धी कारखानदारांनी ती मान्य केली आणि १९८३ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. १९८५च्या सुमारास आलेल्या यामाहा एसपीएक्स-९० व लेक्सिकॉन पीसीएम-७० या प्रभावयंत्रांत मिडीची सोय होती.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. मिडीच्या तारेतून ध्वनी वाहत नाही. वाहतात त्या केवळ आज्ञा. बंगळुरातच १९७०च्या दशकाच्या अखेरीस जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. त्या यंत्रातून प्रत्यक्ष नाद निघतो. मिडीची तार मात्र कानाला लावली तरी मुकीच. तिचे काम नाटकातील सूचकासारखे आहे: तो पात्राला पुढचे वाक्य सुचवितो, स्वतः रंगमंचावर येत नाही.

आज्ञेची भाषा अंकांची आहे. १२८ किंवा त्याहून मोठा अंक म्हणजे आज्ञा, त्याहून लहान अंक म्हणजे त्या आज्ञेचे मूल्य. एका तारेवर सोळा वाहिन्या असतात. प्रभावयंत्र पाचव्या वाहिनीवर ठेवले असेल, तर ‘योजना बदल’ ही आज्ञा १९६ या अंकाने जाते व तिच्या मागून योजनेचा क्रमांक येतो. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. तारेवर गणना शून्यापासून चालते, पण अनेक यंत्रांच्या दर्शनीवर ती एकपासून दाखविलेली असते. म्हणून ११ पाठविले असता समोर १२ उमटतात. यंत्र बिघडले असे समजून तारा उपसण्यापूर्वी हा एकाचा फरक तपासावा.

दुसरी आज्ञा ‘नियंत्रक बदल’ ही होय. १८०, ९१, ६४ असे तीन अंक पाठविले, तर त्यांचा अर्थ असा: पाचव्या वाहिनीवरील यंत्रा, ९१ क्रमांकाचे नियंत्रक मध्यावर आण. ९१ हा क्रमांक रूढीने निनादाच्या मात्रेसाठी आहे. परंतु कोणत्या क्रमांकाने काय हलावे, हे पुष्कळ यंत्रांत वापरणाऱ्याला ठरविता येते. या तीन अंकांना तारेतून जाण्यास ०.९६ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम दीड वीत पुढे सरकतो.

तार जोडण्याच्या जागीही थोडी चतुराई आहे. आज्ञा घेणाऱ्या यंत्रात विजेच्या संकेताने एक लहान दिवा उजळतो आणि समोरचा प्रकाशसंवेदी भाग तो संकेत पुढे नेतो. दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध राहत नसल्यामुळे एकाची गुणगुण दुसऱ्याच्या ध्वनीत शिरत नाही. तार मात्र १५ मीटरपेक्षा लांब नसावी.

आता आपल्या भावगीताकडे वळू. आलाप संपताना योजना बदलावी, असे सहज वाटेल. पण अनेक जुन्या यंत्रांत योजना बदलताच आधीच्या निनादाची शेपटी तुटते आणि आलापाचा शेवटचा षड्ज अधांतरी लोंबकळतो. म्हणून योजना निःशब्द जागीच बदलावी. गाणे चालू असताना नियंत्रकाने निनाद हळूहळू ओसरू द्यावा.

हे ओसरणेही पायऱ्यापायऱ्यांनी होते, कारण मूल्ये १२८ च आहेत. शून्य ते १,००० मिलिसेकंदांचा विलंब एका नियंत्रकावर पसरला, तर प्रत्येक पायरी जवळजवळ ८ मिलिसेकंदांची होते. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. सर्वांत जवळची पायरी ७४८ वर पडते. हा फरक एकदा जाणवत नाही, पण प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा फिरविला, तर तो साठत जातो. २०२० मध्ये आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत पायऱ्या कितीतरी बारीक केल्या आहेत.

पायऱ्या बारीक करता येतील. परंतु गायक समेपूर्वी किंचित थबकतो, ते कोणत्या अंकाने सांगावे? यंत्रांचे घड्याळ एका मात्रेचे २४ समान भाग मोजते, आणि तबलजी घड्याळाकडे पाहत नाही. तो गायकाकडे पाहतो. म्हणून जाणता ध्वनिमुद्रक ठरावीक बदल यंत्राच्या स्मरणावर सोपवितो आणि निनादाची मात्रा मात्र, गाणे ऐकत ऐकत, स्वतःच्या हाताने चालवितो. त्या हाताच्या हालचालीही मिडी टिपून ठेवते आणि पुढच्या आठवड्यात जशाच्या तशा परत करते. त्या कशा असाव्यात, हे मात्र पहिल्यांदा कोणाच्या तरी कानानेच ठरवावे लागते.