विश्लेषण : स्पर्धेच्या धावपळीत रोबोटिक्स टीमने सुरक्षितता कशी सांभाळावी?

परभणी : स्पर्धा चार दिवसांवर आली की वर्कशॉपमधले दिवे रात्रभर जळतात. कोणी सोल्डरिंग करतो, कोणी ॲल्युमिनियम कापतो आणि कोपऱ्यात बॅटरी चार्ज होत असते. घाई, जागरण आणि ‘एवढ्याने काही होत नाही’ हा आत्मविश्वास एकत्र आला, की अपघाताला फार वेळ लागत नाही.

परभणीत हा विषय महत्त्वाचा का?

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांवर काम झाले आहे. अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावी ते बारावीच्या मुलांच्या हातीही सेन्सर आणि मोटार आली. शेतीचा रोबो म्हटला की पाते, फवारणीचा पंप आणि जड चाके आलीच. म्हणजे जोखीमही खेळण्यापेक्षा जास्त.

सर्वात मोठा धोका कशाचा?

लिथियम पॉलिमर, म्हणजेच ‘लिपो’ बॅटरीचा. 2200 एमएएच आणि 25 सी असे लिहिलेली, तळहातावर मावणारी बॅटरी 2.2 गुणिले 25, म्हणजे 55 अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकते. घरातले सॉकेट साधारण 6 ते 16 अँपिअरचे असते. 11.1 व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही. पण दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर क्षणात ठिणगी आणि आग.

चार्जिंग करताना काय पाळावे?

• एका सेलचा व्होल्टेज 4.2 च्या वर आणि 3 च्या खाली जाऊ देऊ नये. बॅलन्स चार्जरच वापरावा.
• चार्जिंग सुरू असताना माणूस जवळ हवा. होस्टेलच्या खोलीत, गादीवर, रात्रभर चार्जिंग नको.
• फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.
• एप्रिल-मे महिन्यांत परभणीत पारा 42 अंशांपुढे जातो. बॅटरी गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नये.
• वाळूची बादली हाताशी असावी. आग वाढली, तर धूर नाकात न घेता सर्वांनी बाहेर पडून 101 वर फोन करावा.

मशिनवर काम करताना?

कापताना, ड्रिल करताना आणि सोल्डरिंग करतानाही गॉगल हवाच. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नयेत. कापड अडकले तर हातही ओढला जातो. ओढणी, मोकळे केस, अंगठी, कडे आणि मनगटातला दोरा यांचेही तेच. ग्राइंडरचे गार्ड काढू नये. सोल्डरिंगची टोके 350 अंशांच्या आसपास तापतात आणि अनेक सोल्डरमध्ये शिसे असते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि खाण्याआधी हात धुवावेत.

पहिली चाचणी कशी घ्यावी?

रोबो ठोकळ्यावर उचलून, चाके अधांतरी ठेवून. कोडमधल्या एका चुकीच्या चिन्हाने मोटार उलट दिशेला पूर्ण वेगाने फिरू शकते. एबीयू रोबोकॉनच्या नियमांत प्रत्येक रोबोवर लाल इमर्जन्सी स्टॉप बटण बंधनकारक आहे. बटण कोडवर अवलंबून नसावे; त्याने मोटारीचा वीजपुरवठाच तुटला पाहिजे. एक जण फक्त त्या बटणापाशी उभा राहावा. दुरुस्तीला हात घालण्याआधी बॅटरी काढावी.

अपघात झालाच तर?

भाजल्यास 20 मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. डोळ्यात रुतलेला कण ओढून काढू नये, चोळूही नये. थेट रुग्णालय गाठावे. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. रुग्णवाहिकेसाठी 108.

जबाबदारी कोणाची?

सगळ्यांची म्हटली की कोणाचीच राहत नाही. टीममधल्या एकाला सुरक्षाप्रमुख नेमून ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार द्यावा. त्याच्यापुढे कॅप्टननेही वाद घालू नये. रात्री एकट्याने मशिन चालवायचे नाही, हा नियम भिंतीवर लिहावा. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते. गेलेला डोळा परत येत नाही.