खोबरेल आणि साखरेचा फेस



गाळप संपल्यावर आम्ही डोंबिवलीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. साबणानं भाचीच्या डोक्याला खाज सुटते, म्हणून बहिणीनं महागडा शांपू आणलेला. बाटलीवर नारळाचं चित्र, मागे बारीक अक्षरांत ‘कोको-ग्लुकोसाईड’. बहीण म्हणाली, “दादा, ह्यात तुझी साखर आहे म्हणे?”

अर्धं खरं. खोबरेलापासून स्निग्ध अल्कोहोल तयार करतात आणि ते ग्लुकोजला जोडतात. या पदार्थाचं एक टोक तेलकट मळ धरतं, दुसरं पाणी धरतं. मळ सुटून वाहून जातो. अशी जोडणी एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञानं १८९३ सालीच दाखवली होती. मात्र हे ग्लुकोज बहुतेक मक्याच्या स्टार्चचं असतं, आपल्या उसाचं नव्हे.

हा धंदा आपल्यापासून फार लांब नाही. ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईत गॅलेक्सी सर्फॅक्टंट्सचं मुख्य कार्यालय आहे. १९८० साली सुरू झालेली ही कंपनी साबण-शांपूला लागणारा असा कच्चा माल बनवते.

आता मुद्द्याची गोष्ट. नारळापासून केलं म्हणजे सौम्यच, असं नाही. कातडी कोरडी करणारं सोडियम लॉरिल सल्फेटही खोबरेलापासून होतं. एकाच उसाचा गूळ होतो, साखर होते अन् मळीचं स्पिरीटही होतं, तसंच हे. सौम्यपणा नारळात नाही, पुढच्या जोडणीत आहे.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातल्या चुन्याशी साबणाची गाठ पडली की फेस येत नाही, केसांवर पांढरा साका बसतो. ग्लुकोसाईडचा तसा साका होत नाही. साबण अल्कधर्मी, कातडी किंचित आम्लधर्मी. म्हणून पाचटानं ओरखडलेल्या हातांना साबण झोंबतो.

तेव्हा सभासदांनी चित्राला पैसे मोजू नयेत, घटकांची यादी वाचावी. जो घटक जास्त, त्याचं नाव आधी येतं. ग्लुकोसाईड पार शेवटी असेल, तर ते नावापुरतंच समजावं. सौम्य असलं तरी एखाद्याला सोसत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस पाहावं. खाज हटत नसेल तर बाटल्या बदलत न बसता डॉक्टर गाठावा.

भाचीचा शांपू? यादीत पाण्यानंतर पहिलं नाव सल्फेटचं होतं. बहिणीनं बाटली मुकाट्यानं कपडे धुण्याकडे वळवली.