शरीरक्षमतेचे घटक व सरावाची तत्त्वे

दिवाळीची सुटी संपून शाळा भरू लागल्या, की केंद्र व तालुका पातळीवरील क्रीडास्पर्धांची सूचना येते आणि पुष्कळ शाळांतून एकच दृश्य दिसू लागते. वर्गातील उंच व धट्टीकट्टी अशी पाचसहा मुले निवडली जातात, आठदहा दिवस त्यांना मैदानाभोवती धाप लागेपर्यंत पळविले जाते आणि उरलेला वर्ग कडेला उभा राहून टाळ्या वाजवितो. स्पर्धा आटोपली, की मैदान पुन्हा ओस पडते. निवडलेल्या मुलांच्या पोटऱ्या चार दिवस दुखतात, एवढेच. न निवडलेल्यांना मात्र आपण दुबळे आहोत असे वाटू लागते, आणि ते वाटणे पुढे फार वर्षे टिकते.

शरीरक्षमता म्हणजे धिप्पाडपणा नव्हे. दिवसाचे काम उरकूनही खेळावयास व अभ्यासास पुरेल इतकी शक्ती ज्याच्यापाशी शिल्लक राहते, ते मूल सक्षम होय. ही क्षमता अनेक घटकांची बनलेली असते. दम, स्नायूंचे बल, वेग, लवचिकता, चपळता, शरीराचा तोल आणि हात, पाय व डोळे यांचा परस्परांशी मेळ हे तिचे मुख्य घटक होत. एकाच मुलात हे सारे सारख्या प्रमाणात क्वचितच आढळतात. चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून चढउतार करीत शाळेत येणाऱ्या मुलाचा दम चांगला असतो. कारण त्याचे हृदय व फुप्फुसे स्नायूंना दीर्घकाळ प्राणवायू पुरविण्यास सरावलेली असतात. तेच मूल ५० मीटरच्या शर्यतीत मागे पडले तर नवल नाही. त्या काही सेकंदांच्या धावेत स्नायू मुख्यतः आपल्याच ठिकाणी साठविलेल्या शक्तीवर चालतात, आणि ती शक्ती झटक्याने वापरण्याची सवय निराळी असते. हापशावरून पाण्याचा हंडा आणणाऱ्या मुलीच्या खांद्यांत व पाठीत बल असते, पण खेळाडूंची यादी करताना तिचे नाव कोणास आठवत नाही. कापसाच्या वेचणीत दिवसभर वाकून राहिलेल्या मुलाची पाठ आखडलेली असते; त्याला दुसऱ्या दिवशी पळविण्यापेक्षा सावकाश ताणाचे व्यायाम द्यावेत. चपळतेसाठी तर खर्चाचे साधन मुळीच नको. खोखो, लंगडी व आट्यापाट्या यांत मूल एका दिशेने धावताना क्षणात थांबून दुसरीकडे वळते. चपळता म्हणतात ती हीच.

कोणत्या मुलात काय कमी आहे, हे नुसत्या नजरेने कळत नाही; मोजावे लागते. केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ उपक्रमात शाळांसाठी ज्या चाचण्या ठरविल्या आहेत, त्या या कामी उपयोगी पडतात. उंची व वजन सर्वांचेच घ्यावयाचे असते. ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन तबकड्यांवर आळीपाळीने झपाट्याने हात टेकविणे, एवढ्याच चाचण्या आहेत; त्या वयात तोल व मेळ हेच घडत असतात. ९ वर्षांपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे वा चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे उठाव व जोर या चाचण्या येतात. मैदान लहान असल्यास दोरीने मोजून ६० मीटरची फेरी आखावी आणि दहा फेऱ्या घ्याव्यात. मात्र आलेले आकडे फळ्यावर लिहून क्रमांक लावू नयेत. जूनमध्ये ज्या मुलाला ६०० मीटरांपैकी निम्मे अंतर चालावे लागले, तो डिसेंबरमध्ये सारे अंतर धावला, तर त्याची प्रगती पहिल्या आलेल्या मुलाहून कमी मानण्याचे कारण नाही.

आता सरावाविषयी. शरीरावर नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडला, की ते त्या भाराशी जुळवून घेते. मग भार आणखी थोडा वाढवावयाचा. या ‘थोडा’ शब्दातच सारे मर्म आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी शाळेपर्यंतचे अंतर पायीच तुडवीत. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्यांनी ३००० मीटर अडथळा शर्यतीत ८ मिनिटे २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन त्यांनी रौप्यपदक मिळविले, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ती वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आली. म्हणजे सुमारे वीस सेकंद कमी करण्यास जवळजवळ सहा वर्षे लागली, आणि तीही अनेक लहान लहान टप्प्यांनी. जे अशा कसलेल्या धावपटूस वर्षांनी साधले, ते पाचवीच्या मुलाकडून आठ दिवसांत मागणे अन्यायाचे आहे.

दुसरे तत्त्व असे, की ज्याचा सराव करावा तेच अंगी येते. खाशाबा जाधव तांबड्या मातीतले कसलेले मल्ल होते. परंतु १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती, आणि ते सहावे आले. पुढील चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली व १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. लांब उडीत भाग घेणाऱ्या मुलास नुसते पळवून भागत नाही, ते याच कारणाने.

विश्रांती हाही सरावाचाच भाग समजावा. श्रमाने शिणलेले स्नायू विश्रांतीच्या काळातच दुरुस्त होऊन बळकट होतात; म्हणून कठीण दिवसानंतर हलका दिवस असावा. उलट, सराव काही आठवडे सुटला की कमावलेला दम ओसरू लागतो. वेचणीच्या दिवसांत पंधरवडाभर गैरहजर राहिलेल्या मुलास परत आल्यावर थोडे मागून, सोप्यापासून आरंभ करू द्यावा. आणखी एक गोष्ट येथेच सांगण्यासारखी आहे. काही ठिकाणी गृहपाठ न आणल्याबद्दल मैदानाच्या फेऱ्या मारावयास लावतात. ज्या धावण्याची गोडी लावावयाची, तेच शिक्षा म्हणून द्यावयाचे, यासारखी उलटी रीत नाही.

खानदेशात या सर्वांइतकाच महत्त्वाचा प्रश्न उन्हाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि मार्चपासूनच दुपार असह्य होऊ लागते. शरीर घामावाटे थंड होते. घामासाठी पाणी लागते, आणि पाणी संपले की आतील उष्णता झपाट्याने वाढते. उन्हाशी जुळवून घेण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून व्यायामाची तासिका सकाळी पहिलीच ठेवावी, पहिल्या आठवड्यात काम निम्मे करावे, दर पंधरावीस मिनिटांनी पाणी पाजावे. उपाशी आलेल्या मुलास त्या दिवशी सूचना देण्याचे वा वेळ नोंदविण्याचे काम द्यावे. चक्कर, डोकेदुखी, मळमळ जाणवताच मुलाला थांबवावे व सावलीत बसवून पाणी द्यावे. ते असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपावेतो पाणी ओतणे थांबवू नये.