भरवशाची गाडी

‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण ज्याने केली, त्याच्या दारात मोटारसायकल नसावी. असती तर बिचाऱ्या म्हशीची बदनामी टळली असती. पेरणीचा दिवस, आभाळ भरून आलेले, बियाण्याची पिशवी टाकीवर ठेवलेली आणि नेमकी त्याच वेळी गाडी किकला दाद देत नाही, हा अनुभव आमच्या वऱ्हाडात एके काळी घरोघरी होता. म्हणूनच गाडी घेताना ‘किती पळते?’ हा प्रश्न इकडे दुसरा. पहिला प्रश्न, ‘दगा तं देत नाई ना?’

मी १९८३ साली बँकेत लागलो. कादंबऱ्या पुढे सुचल्या. आधी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाखांमधून वर्षानुवर्षे कर्जाचे अर्जच वाचले. वसुलीला गावोगाव जायचे तर शाखेची मोटारसायकल हेच साधन होते. तिचे नाव सांगत नाही, कारण आपली बाजू मांडायला आता ती हयात नाही. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी लिंपून बसे की चाक फिरणेच बंद. काडीने माती उकरावी, थोडे पुढे जावे, पुन्हा उकरावी. त्यात प्लग शॉर्ट झाला की साहेब आणि गाडी दोघेही बैलगाडीतून परत!

मातीचे सोडा, प्लगच्या दुखण्याचे मूळ इंजिनाच्या घडणीत होते. त्या काळच्या बहुतेक मोटारसायकली ‘टू-स्ट्रोक’. या इंजिनात वंगणाच्या तेलाला वेगळी जागा नसते. ते पेट्रोलबरोबरच आत जाते आणि जळते. तेल जास्त झाले की प्लगवर काजळी धरते, सायलेन्सर कोंदतो. कमी झाले की पिस्टन जाम होतो. पोलंडच्या आराखड्यावर एस्कॉर्ट्सने बनवलेली राजदूत, म्हैसूरची येझदी, १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० या सगळ्या याच कुळातल्या. राजदूत अंगाने दणकट. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून ती कच्च्या रस्त्याने निमूट चाले. पण मालकाला पंपावर तेलाचे माप सांभाळावे लागे आणि खिशात एक जादा प्लग बाळगावा लागे. गाडीइतकेच मालकालाही तयार असावे लागे.

१९८५ सालीच हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हे चित्र पालटू लागले. ९७.२ सीसीचे ‘फोर-स्ट्रोक’ इंजिन. यात तेल आपल्या जागी, पेट्रोल आपल्या जागी. ठरावीक अंतरानंतर तेल बदलले की झाले. हे आडवे इंजिन होंडाच्या १९५८ सालच्या ‘सुपर कब’च्या वंशातले, म्हणजे बऱ्याच उन्हाळ्या-पावसाळ्यांतून तावून निघालेले. ताकद सुमारे सात अश्वशक्ती. आरएक्स १००ची अकरा. अमरावतीच्या कॉलेजातली पोरे या गाडीला हसत. गावातली माणसे हसली नाहीत. त्यांनी फक्त महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब मांडला. पुढे १९९४ साली स्प्लेंडर आली तीही याच इंजिनावर. बजाजने १९९१ साली फोर-स्ट्रोक ‘चॅम्पियन’ आणली आणि २००१ साली पल्सर. मग १५० सीसीच्या मधल्या गाडीवरही विसंबता येते, हे लोकांना पटले.

बँकेतल्या माणसाला गाडी कळते ती हप्त्यांमधून. गाडी घेण्यासाठी कर्ज मागायला आलेल्या एका दूधवाल्याला मी विचारले होते, ‘भाऊ, हीच का पाहिजे? दुसरी स्वस्त मिळते.’ तो म्हणाला, ‘साहेब, म्हैस दोन मयने भाकड रायते, थे आपल्याले ठाऊक असते. गाडी कवा भाकड होईन, थे कोनाले सांगता येते?’ गाडीच्या भरवशाची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचे त्या दिवसाचे दूध नासणार होते आणि महिनाअखेर हप्ता थकणार होता. ज्या घरात दुसरे वाहन नाही, तिथे बिघाड नुसत्या गैरसोयीवर भागत नाही. रात्री बाळंतीण अडली तर दवाखान्याची वाटही त्याच गाडीवरून जाते.

मात्र भरवसा दोन तऱ्हांचा असतो, हे माझ्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले. एक, गाडी न बिघडण्याचा. दुसरा, बिघडलीच तर कुठेही दुरुस्त होण्याचा. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट पहिल्या तऱ्हेत जरा डावी, तेल ठिबकायचे. पण तिचा नाद असलेला मिस्त्री आवाजावरून दुखणे ओळखायचा. शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांजवळ दोन्ही तऱ्हा होत्या. सहसा बिघडत नसत आणि बिघडल्या तर मूर्तिजापूर, अकोट, परतवाडा, कुठेही कडुनिंबाखाली बसलेला मिस्त्री चार पाने आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटर उघडी. सुटा भाग किराणा दुकानाशेजारीच मिळे.

एप्रिल २०२० पासून ‘बीएस-सिक्स’चे निकष लागू झाले. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. कार्बोरेटरच्या जागी आता बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आले, सेन्सर आले. पहिला भरवसा वाढला. दुसरा मात्र शहराकडे सरकला. दिव्याचे पिवळे चिन्ह पेटले की धारणीच्या माणसाने काय करायचे? मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारतो आणि म्हणतो, ‘दादा, हे आता शोरूममंदी न्या लागते. मशीन लावून पाहा लागते.’ त्याचे कसब आटले असे नव्हे. त्याच्याकडे ते यंत्र नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला. वर्षानुवर्षे त्या खड्ड्यांतून कंबर मोडून घेतलेल्या आम्हां मंडळींना त्याचे अप्रूप वाटले. पण हमरस्ता सुधारला तरी वाटेत बंद पडलेली गाडी सुरू करणारा हात गावातच लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ सालीच ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्यात वाहनेही धरली. त्या हक्काचा अर्थ आमच्याकडे सरळ आहे: दोष वाचण्याचे यंत्र आणि त्याची माहिती कडुनिंबाखालच्या मिस्त्रीलाही परवडेल अशा दरात मिळावी, आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये संध्याकाळी त्याच्यासाठी वर्ग चालावा.

तोवर ज्यांना नवी गाडी घ्यायची आहे, त्यांना निवृत्त बँकवाल्याचा एक फुकटचा सल्ला. शोरूममध्ये रंग आणि मायलेज विचारून झाले की आपल्या गावच्या मिस्त्रीला एकदा विचारून या, ‘ही तुम्हाला उघडता येते का?’ तो हो म्हणाला, तर खुशाल सही करा.