एका फाईलचे दोन बिल्ले

वाचकहो, साहित्याच्या व्यासपीठावर संगणकाचा विषय पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल. पण जुन्या मराठी घरांत दप्तर आणि पोथी जपून ठेवण्याची रीत होती. आज वंशावळ, घराचा हिशेब, डॉक्टरांकडची रुग्णनोंद हे सारे फाईलमध्ये असते. ती नोंद लिहिताना बिघडू नये आणि पुसली तर खरोखर पुसली जावी, यासाठी संगणकाच्या पोटातली एक छोटी व्यवस्था समजून घेऊ या.

महाकालाच्या दर्शनाला जाताना आपण जोडे ठेवतो आणि आकडा असलेला बिल्ला घेतो. संगणकातला कोणताही प्रोग्राम असेच करतो. तो फाईलला थेट हात लावत नाही. ‘ही फाईल उघड’ अशी विनंती तो कार्यप्रणालीला करतो आणि कार्यप्रणाली त्याला एक लहानसा आकडा देते. युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींत 0, 1 आणि 2 हे आकडे बहुधा आधीच दिलेले असतात: 0 माहिती आत घेण्यासाठी, 1 उत्तर बाहेर देण्यासाठी आणि 2 चुकांची सूचना देण्यासाठी. म्हणून पहिल्या उघडलेल्या फाईलला बहुतेक वेळा 3 मिळतो.

या आकड्यामागे एक नोंद असते. फाईल वाचायला उघडली की लिहायला, आणि काम कुठवर आले, हे तीत लिहिलेले असते. ‘कुठवर आले’ म्हणजे पोथीत ठेवलेली खूण. नोंदीच्या पलीकडे डिस्कवरची प्रत्यक्ष फाईल.

कधी कधी प्रोग्रामला त्याच फाईलसाठी दुसरा आकडा हवा असतो. यासाठी ‘डुप’ नावाची आज्ञा आहे. नाव ‘डुप्लिकेट’वरून आले, त्यामुळे फाईलची नक्कल होते असा समज होतो. लेखनिकाने हस्तलिखित उतरवून काढले की दोन पोथ्या होतात. डुपने मात्र फाईल एकच राहते, नोंदही एकच राहते. फक्त बिल्ले दोन होतात.

पारायणाचे उदाहरण घ्या. सप्ताहात प्रत्येकजण आपापली पोथी घेऊन बसला तर ज्याची त्याची खूण वेगळी. फाईल दोनदा उघडणे हे असे आहे. अखंड पारायणात मात्र चौरंगावर एकच पोथी असते. एक वाचक उठला की दुसरा तिथूनच पुढे वाचतो. डुप म्हणजे हे. 3 या आकड्याने पहिले 100 बाइट वाचले आणि मग डुपने मिळालेल्या 4 ने वाचायला घेतले, तर वाचन 101व्या बाइटपासून सुरू होते. फाईल वेगळी उघडली असती तर ते पहिल्यापासून झाले असते.

1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. तिच्यात प्रोग्राम आपले उत्तर डोळे मिटून 1 या आकड्यावर लिहितो. पलीकडे पडदा आहे की फाईल, हे त्याला ठाऊक नसते. ‘डुप-टू’ या आज्ञेने 1 हा आकडा हव्या त्या फाईलला जोडता येतो. समजा, उत्तरे आणि चुका एकाच फाईलमध्ये हव्या आहेत. त्यासाठी फाईल दोनदा उघडली तर दोन्ही खुणा आरंभी राहतात आणि एकाचे लिखाण दुसऱ्याच्या लिखाणावर पडते. 1 चाच डुप करून 2 केला तर खूण एकच राहते आणि ओळी एकीखाली एक उमटतात. उलट, दोन ठिकाणी स्वतंत्रपणे वाचायचे असेल तर डुप उपयोगाचा नाही. एकाने खूण हलवली की दुसऱ्याचीही हलते. तिथे फाईल पुन्हा उघडावी.

आता पुसण्याविषयी. एका जोडीचे दोन बिल्ले दिले असतील तर एक परत आल्यावर जोडे सुटत नाहीत. तसेच एक आकडा बंद केल्याने दुसरा बंद होत नाही. लिनक्समध्ये फाईल ‘डिलीट’ केली की यादीतले नाव जाते. पण कुठल्याही प्रोग्रामकडे तिचा उघडा आकडा शिल्लक असेल तर मजकूर तसाच राहतो, डिस्कची जागाही अडून राहते आणि तो प्रोग्राम मजकूर वाचू शकतो. एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम जन्माला घातला तर उघडे आकडे त्यालाही वारशाने मिळतात, म्हणून असा विसरलेला बिल्ला सहज राहून जातो. विंडोजमध्ये फाईल वापरात असली तर ती बहुधा पुसूच दिली जात नाही.

दवाखान्यात माणूस घरच्यांनाही न सांगितलेले दुखणे सांगतो. होमिओपॅथीत तर मनाची अवस्थाही टिपून घ्यावी लागते. अशा माणसाने ‘माझी नोंद काढून टाका’ म्हटले, तर यादीतून नाव गेले एवढ्यावर थांबू नये. फाईल अजून कोणत्या प्रोग्रामने उघडून ठेवली आहे, हे संगणक सांभाळणाऱ्याला विचारावे, तो प्रोग्राम बंद करवावा किंवा संगणक पुन्हा सुरू करावा. तेव्हा सारे आकडे बंद होतात. त्यानंतरही जुनी अक्षरे डिस्कवर काही काळ उरू शकतात आणि बॅकअपमधली प्रत तर वेगळीच असते. तीही काढायला सांगावी. आपल्या घरातली कागदपत्रे दुसऱ्याच्या संगणकात ठेवताना आपणही हे प्रश्न विचारावेत.