परतीची वाट : जुन्या मोटारींतील विजेचे दोष



जुनी मोटार घरच्या घरीं पुन्हां उभी करण्याचा ज्यांना छंद आहे, त्यांना एक अनुभव बहुधा येतोच. इंजिन खोलून स्वच्छ केलें, पत्र्याचा गंज काढला, नवा रंग चढविला, बैठकींवर नवें कापड आलें. सर्व कांहीं मनासारखें झाल्यावर दिव्याचें बटण दाबावें, तों एक दिवा निखाऱ्यासारखा तांबूस, दुसरा मुळींच नाहीं, आणि भोंग्याच्या ठिकाणीं नुसती घरघर ! रंग देण्यापूर्वीं हेच दिवे नीट लागत होते. मग गृहस्थ वैतागून म्हणतो, “वायरिंग सडलें, तें सगळें काढून टाका.” असा निकाल देण्यापूर्वीं विजेची परतीची वाट तपासून पाहावी, एवढेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे. जुन्या गाडीचे पुष्कळसे दोष त्याच वाटेवर सांपडतात.

उदाहरणासाठीं आपल्या ओळखीचीच गाडी घेऊं. फियाट ११०० डी ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून तयार होऊं लागली. पुढें तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें घरोघरीं ठाऊक झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. परंतु घरगुती पद्मिनी कित्येक कुटुंबांनीं वडिलांची आठवण म्हणून जपून ठेवल्या आहेत. या गाडीचें वायरिंग साधें आहे. कागद, पेन्सिल आणि धीर एवढी सामुग्री ज्याच्यापाशीं आहे, त्याला तें उमगण्यासारखें आहे.

घरांतील दिव्याला प्रवाह नेणारी एक व परत आणणारी एक अशा दोन तारा असतात. मोटारींत मात्र बहुतेक दिव्यांना एकच तार आलेली दिसते. मग दुसरी कोठें गेली ? दुसरी तार म्हणजे गाडीचें पोलादी अंगच होय. बॅटरीचें ऋण टोंक जाड पट्टीनें या अंगाशीं जोडलेलें असतें. धन टोंकापासून निघालेला प्रवाह बटणांतून, फ्यूजमधून व दिव्यांतून जातो आणि दिव्याच्या होल्डरमधून पत्र्यांत शिरून बॅटरीकडे परततो. या परतीच्या जोडणीस आपले कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. रहाटगाडग्याची माळ कोठेंही अडली तरी सगळीच थांबते. विहिरींत अडली कीं वर अडली, याला महत्त्व नाहीं. विजेचेंही तसेंच आहे. पण दोष शोधतांना आपण केवळ येणारी तार चांचपतों आणि परतीच्या वाटेकडे ढुंकूनही पाहत नाहीं.

आतां रंगाचें कोडें सुटतें. रंगांतून वीज जात नाहीं. होल्डरचा धातु पूर्वीं उघड्या पत्र्यावर टेकत होता. तेथें आतां रंगाचा चकचकीत थर आला. म्हणजे ज्या हौसेनें गाडी नटविली, त्याच हौसेनें विजेची वाट बुजविली ! रंग न दिलेल्या गाडींत हेंच काम गंज करतो, आणि कोंकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेंत तो तें फार मन लावून करतो.

वाट पुरती बुजली तर दिवा लागतच नाहीं आणि दोष लवकर ध्यानांत येतो. ती अर्धवट बुजली म्हणजे खरी फसगत होते. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ मध्यें प्रसिद्ध केलेला नियम येथें उपयोगी पडतो : प्रवाहाला विरोधानें गुणलें कीं तेथें खर्ची पडणारा दाब मिळतो. पुढचा ४५ वॉटचा दिवा १२ व्होल्टांवर सुमारे पावणेचार अँपियर प्रवाह घेतो. गंजलेल्या जोडाचा विरोध अवघा अर्धा ओहम धरला, तरी दीड व्होल्टाहून अधिक दाब त्या जोडांतच खर्च होतो. दाब तेरा-चौदा टक्के घटला, तर उजेडही तेवढाच घटेल असें आपणांस वाटेल. पण तापलेल्या तारेच्या दिव्याचा उजेड दाबापेक्षां फार झपाट्यानें उतरतो, आणि येथें तो सुमारे साठ टक्क्यांवर येतो. इंजिन फिरविणाऱ्या सेल्फची गोष्ट तर याहून नाजूक आहे. तो दीडशे अँपियर घेऊं लागला म्हणजे ओहमचा शंभरावा भागसुद्धां दीड व्होल्ट गिळतो. सेल्फ कण्हूं लागला कीं आपण नवी बॅटरी आणतों. दोष मात्र पट्टीच्या एका मळकट बोल्टाखालीं बसलेला असतो.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांच्या गाडींत निराळाच चमत्कार दिसे. डावीकडे वळण्याचा दर्शक दिवा लावला कीं मागचा लाल दिवाही मंदपणें लुकलुके. एका कारागिरानें त्यांना सगळें वायरिंग बदलण्याचा सल्ला दिला होता. वस्तुतः मागचे हे दिवे एकाच होल्डरपट्टीवर असून त्यांची परतीची वाट सामाईक होती व ती तुटलेली होती. प्रवाहानें मग आडवाट धरली : तो दर्शक दिव्यांतून लाल दिव्याच्या तारेंत उलटा शिरला आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यांतून अंगास मिळाला. पट्टीखालील पत्रा कानशीनें घांसून उजळ करतांच चमत्कार संपला. एक दिवा लावतांना दुसराच मिणमिणूं लागला, तर प्रथम सामाईक अर्थ पाहावा, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

दोष शोधण्याची रीत आतां क्रमानें सांगतों. परतीची वाट पाहण्यासाठीं दिवा लावून ठेवावा; मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरें होल्डरच्या धातूस टेकवावें. कांटा अर्ध्या व्होल्टापुढें गेला तर परतीचा जोड सदोष आहे. चांचणी दिवा लावूनच करावी. कारण प्रवाह वाहत नसतां एका केसाएवढ्या धाग्यानें जोडलेली तारही मीटरला पुरे १२ व्होल्ट दाखविते.

तार कोठें तुटली हें पाहावयाचें असल्यास एका टोंकापासून सुरुवात करूं नये, मधोमध तपासावें. तेथवर वीज आली असेल तर दोष पुढच्या अर्ध्यांत, नाहीं तर मागच्या अर्ध्यांत. याप्रमाणें आठ दुव्यांतला एक तुटका दुवा तीन चांचण्यांत सांपडतो.

फ्यूज वारंवार जळत असेल, तर धन बाजूची तार कोठें तरी सोलून अंगाला टेकली आहे असें समजावें. अशा वेळीं फ्यूजच्या जागीं २१ वॉटचा बल्ब जोडावा आणि त्या मार्गावरील सर्व दिवे काढून ठेवावे. तार कितीही वाईट टेकलेली असली, तरी बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपासच प्रवाह जाऊं देतो. मग तारांची जुडी जागोजागीं हलवीत जावें. ज्या ठिकाणीं हात लावतांच बल्ब विझेल, तेथें दोष आहे.

रात्रींतून बॅटरी उतरत असेल, तर सर्व बटणें बंद करून ऋण टोंक व त्याची पट्टी यांच्यामध्यें अँपियर मोजणारा मीटर जोडावा. त्या वेळीं सेल्फ मात्र फिरवूं नये. अर्धा अँपियर गळती असली, तरी ४० अँपियर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांच्या आंत रिकामी होते.

जोड दुरुस्त करतांना पत्रा धातु उघडा पडेपर्यंत घांसावा, दांतेरी वॉशर घालून स्क्रू आवळावा, आणि नंतर वरून व्हॅसलीन लावून ओल बाहेर ठेवावी. वायरिंग कधींच बदलूं नये, असा माझा आग्रह नाहीं. तार वांकवितांच तिचें आवरण तडकून गळूं लागलें, किंवा उंदरांनीं तें कुरतडलें असलें, तर ती अवश्य बदलावी. पण त्याच जाडीची व त्याच रंगाची घ्यावी, आणि जुनी काढण्यापूर्वीं प्रत्येक टोंकाला चिठ्ठी बांधावी.

शेवटीं जिवाशीं संबंध असलेल्या दोन गोष्टी. पहिली : हातांतली अंगठी, बांगडी, घड्याळ काढल्यावांचून बॅटरीस हात लावूं नये, आणि पट्टी सोडतांना अंगाशीं जोडलेलें टोंक आधीं सोडावें. धन टोंक आधीं सोडूं गेल्यास पाना पत्र्याला टेकतो आणि ठिणग्यांचा लोळ उठतो. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु तेवढ्यानेंही पेट घेऊं शकतो.

दुसरी : जळलेल्या फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतली चांदी किंवा तारेचा तुकडा कधींही घालूं नये. फ्यूज मुद्दामच दुबळा केलेला असतो. आठ अँपियरचा फ्यूज स्वतः जळून मागची तार वांचवितो. त्याच्या जागीं चांदी आली कीं जळण्याची पाळी तारेवर येते, आणि ती तार जुडींतल्या दहा तारांना बिलगलेली असते. पलीकडे पेट्रोलची नळी असते, आणि मागच्या बैठकीवर आपलीं मुलें. म्हणून फ्यूज जळला तर त्याच्यावर रागावूं नये. तो कां जळला, याचा शोध घ्यावा.